झोपलेल्या बाळाचा एमआरआय: लंडनच्या नवजात मेंदू प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

निरोगी बाळाला झोपेचे औषध द्यायचे नाही. तरीही त्याच्या मेंदूचा तासाभराचा एमआरआय काढायचा, आणि कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, प्रत्येक घडी मोजता येईल इतकी स्वच्छ चित्रे मिळवायची. ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ने हे काम अंगावर घेतले. लंडनचे किंग्ज कॉलेज, इम्पीरियल कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांचा हा संयुक्त प्रकल्प २०१३ मध्ये युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अनुदानावर सुरू झाला. जन्माच्या आसपासच्या आठवड्यांत मेंदूचा कोणता भाग कोणत्या भागाशी कसा जोडला जातो, याचा वयानुसार बदलत जाणारा नकाशा त्यांना तयार करायचा होता. त्यासाठी हजार नवजातांचे लक्ष्य ठेवले होते. स्कॅन सेंट थॉमस रुग्णालयातील एव्हलिना नवजात इमेजिंग केंद्रात, ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) फिलिप्स अचीव्हा यंत्रावर झाले. २०२१ च्या तिसऱ्या खुल्या डेटासंचात ७८३ बाळांची ८८६ स्कॅनसत्रे आहेत. त्यांत पूर्ण दिवसांची बाळे आहेत तशी अपुऱ्या दिवसांचीही आहेत, आणि काहींचे स्कॅन दोनदा झाले आहेत.

या लेखात आपण त्यातल्या एकाच गोष्टीकडे पाहणार आहोत: औषधाविना झोपलेले, पूर्ण दिवसांचे बाळ आणि ६३ मिनिटांचे स्कॅनसत्र.

औषध का नाही, हे आधी स्पष्ट केलेले बरे. आजारी बाळाला गुंगी देताना धोका एका पारड्यात आणि निदानाचा फायदा दुसऱ्या पारड्यात घालता येतो. निरोगी बाळाच्या बाबतीत दुसरे पारडे रिकामे असते, त्यामुळे नैतिकता समितीसमोर हा मुद्दा टिकतच नाही. दुसरे कारण शास्त्रीय आहे. गुंगीचे औषध मेंदूच्या क्रियेवर आणि रक्तप्रवाहावर परिणाम करते. मेंदू काम करताना टिपणाऱ्या फंक्शनल एमआरआयमध्ये नेमके तेच मोजायचे असते, म्हणजे निरोगी मेंदूऐवजी औषध घेतलेल्या मेंदूचे मोजमाप हाती येईल. तेव्हा उरतो तो जुना मार्ग: दूध पाजायचे, गुंडाळायचे आणि झोपू द्यायचे.

पण नवजाताची झोप म्हणजे निश्चल पडून राहणे नव्हे. त्याच्या झोपेचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचे असते. मोठ्या माणसाच्या उलट ते सक्रिय झोपेने सुरू होते. त्यात पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, हातपाय मध्येच झटकले जातात, श्वास अनियमित होतो. झोपेचा जवळपास निम्मा वेळ असाच जातो. ६३ मिनिटांच्या सत्रात एक पूर्ण आवर्तन येणारच, म्हणजे हालचालही होणारच. या चमूने पहिल्या दिवसापासून हे गृहीत धरले, आणि आमच्या मते प्रकल्पातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. बाळाला स्थिर ठेवण्याचा अट्टहास त्यांनी केला नाही. बाळ हलले तरी चित्र वाचेल अशी यंत्रणा उभी केली. कॉइल (डोक्याभोवती बसणारी, सिग्नल टिपणारी अँटेना), ट्रॉली, आवाज, स्कॅनचा क्रम, गणिती दुरुस्ती हे सगळे त्याच एका गृहीतकातून आले आहे.

डोक्याच्या मापाची कॉइल

पूर्ण दिवसांच्या नवजाताच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर, तर मोठ्या माणसाचा सुमारे ५६. मोठ्यांच्या कॉइलमध्ये बाळाचे डोके ठेवले तर सगळीकडून तीन-सव्वातीन सेंटिमीटरची पोकळी राहते. बत्तीस चॅनेलच्या, म्हणजे बत्तीस स्वतंत्र कड्यांच्या, कॉइलमधली प्रत्येक कडी लहान असते आणि तिला जवळचाच सिग्नल नीट ऐकू येतो, त्यामुळे हे अंतर फार महाग पडते. कॉर्टेक्सचा सिग्नल झपाट्याने घटतो आणि गोंगाट तेवढाच राहतो.

म्हणून नवजाताच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी ३२ चॅनेलची स्वतंत्र कॉइल बनवली. मोठ्यांच्या ३२ चॅनेल कॉइलच्या तुलनेत सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर २.४ पट झाले. याचा अर्थ वेळेच्या हिशेबात पाहावा. तेच स्कॅन पुन्हा पुन्हा काढून सरासरी घेतली तर गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाइतकेच सुधारते, म्हणून २.४ पट फायदा मिळवायला २.४ चा वर्ग, म्हणजे सुमारे ५.८ पट वेळ लागला असता. पंधरा मिनिटांच्या स्कॅनला जवळजवळ दीड तास. कुठलेही बाळ इतका वेळ देणार नाही. नवजातांवर काम सुरू करू पाहणारे चमू बहुतेक वेळा आधी नवे सॉफ्टवेअर मागतात. खर्चाचा पहिला रुपया कॉइलवर पडायला हवा.

मात्र घट्ट कॉइलची स्वतःची एक अडचण आहे. डोके आत खोलवर सरकवायचे, तेही झोपलेल्या बाळाचे. नवजाताला उचलून पुन्हा खाली ठेवताना डोक्याचा आधार क्षणभर जरी सुटला तरी मोरो प्रतिक्षेप उसळतो: दोन्ही हात फाकतात, बाळ दचकते, बहुधा रडते आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. यावर उपाय म्हणून बाळाला ठेवायचे एक कवच आणि एमआरआयच्या खोलीत चालणारी ट्रॉली बनवली. सगळी तयारी बाहेर, शांत जागी त्या कवचातच होते. त्यानंतर बाळाला उचलायचेच नाही. कवचासकट सरकवत यंत्रापर्यंत न्यायचे.

तयारी

तयारीत घाई केली की पुढे सगळे बिघडते, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

दूध स्कॅनच्या आधी लगेच पाजतात आणि ढेकर काढतात. लंगोट बदलतात, कारण ओल्या लंगोटाने बाळ चाळिसाव्या मिनिटाला जागे होते. कपडे पूर्ण तपासायचे. टिचबटणे धातूची असतात, ती काढायची. नाळेची चिमटी बहुधा प्लॅस्टिकची असते, तरी पाहून घ्यायची. पायातला ओळखपट्टा ठीक, पण बाळचोरी रोखण्यासाठी काही प्रसूती विभाग त्याच्याबरोबर इलेक्ट्रॉनिक टॅग लावतात. तो काढलाच पाहिजे, आणि विसरला जातो तोही नेमका हाच, कारण तो गुंडाळलेल्या कापडाच्या आत असतो.

कानांचे संरक्षण तीन थरांचे आहे. पहिला थर दातांचे ठसे घ्यायच्या मऊ पुटीचा. दोन घटक मळून वाटाण्यापेक्षा थोडा मोठा गोळा करायचा आणि पुटी घट्ट व्हायच्या आत तो बाहेरच्या कानाच्या खोलगट भागात हलकेच बसवायचा. कानाच्या नळीत ढकलायचा नाही. काढताना तुकडा आत राहिला तर ती वेगळीच डोकेदुखी. दुसरा थर नवजातांच्या चिकट कानझाकण्यांचा. केसांवर किंवा ओलसर कातडीवर त्यांची कड नीट चिकटत नाही, म्हणून आधी कानामागची जागा पुसून कोरडी करावी लागते. तिसरा थर डोक्यावरून येणाऱ्या ध्वनिरोधक आच्छादनाचा. एमआरआय सुरक्षेच्या मानकानुसार आवाज ९९ डेसिबलच्या वर जाणार असेल तर कानांचे संरक्षण बंधनकारक आहे, आणि पाण्याची सूक्ष्म हालचाल मोजणारे जलद डिफ्यूजन स्कॅन ती मर्यादा सहज ओलांडतात. बाळ ‘कानात टोचतंय’ असे सांगू शकत नाही, त्यामुळे पुटी सुटली का हे स्कॅन सुरू होण्याआधीच बघायचे. नंतर ते कळायचा मार्ग नसतो.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक मणी भरलेल्या उशा लावतात. त्या डोक्याच्या आकाराप्रमाणे बसतात आणि तशाच राहतात. इथे चूक होते ती मानेची. नवजाताचे डोके मागच्या बाजूला मोठे असते, त्यामुळे उताणे ठेवले की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासनलिका अरुंद होते. खांद्यांखाली कापडाची पातळ घडी घातली की मान सरळ राहते. हात आत घेऊन अंग घट्ट गुंडाळायचे, पण छातीवर बोटभर सैल ठेवायचे. फार घट्ट गुंडाळले तर श्वासाच्या मापाचा पट्टा चुकीचे आकडे दाखवतो आणि बाळ गरमही होते.

हृदयाची गती, रक्तातला ऑक्सिजन, श्वास आणि तापमान यांवर सतत नजर ठेवली जाते, आणि नवजात शिशूंची काळजी घ्यायला प्रशिक्षित व्यक्ती सत्रभर हजर असते. नवजाताचे सामान्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस. गुंडाळलेल्या बाळाला रेडिओलहरींची उष्णता मिळते आणि ती बाहेर टाकायला वाव कमी असतो. म्हणून वजन ग्रॅमपर्यंत अचूक टाकणे ही इथे कागदोपत्री बाब राहत नाही. यंत्र उष्णतेची मर्यादा प्रतिकिलो मोजते: साधारण पद्धतीत सगळ्या शरीरासाठी २ वॅट आणि डोक्यासाठी ३.२ वॅट प्रतिकिलो. दशांशचिन्ह चुकून ३.४ किलोचे ३४ झाले, तर यंत्राला बाळ दहापट मोठे वाटते आणि ते तेवढी सूट देते. ईसीजीच्या तारांचे वेटोळे राहू द्यायचे नाही आणि त्या कातडीला टेकणार नाहीत असे पाहायचे. अशी वेटोळी हे एमआरआयमध्ये भाजण्याचे एक ओळखीचे कारण आहे.

आवाज सुरू होताना आणि थांबताना

बाळ मोठ्या आवाजाने जेवढे उठते त्याहून अधिक आवाजातल्या अचानक बदलाने उठते. शांत खोलीत एकदम ग्रेडियंट (चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलणारी, ठोके वाजवणारी वेटोळी) कडाडले की ते दचकते. प्रकल्पाने यंत्राचा कार्यक्रमच बदलला: प्रत्येक स्कॅनच्या सुरुवातीला ग्रेडियंटचा आवाज काही सेकंदांत हळूहळू चढत जातो आणि मगच खरे मोजमाप सुरू होते. थांबतानाची बाजू लोकांच्या लक्षात येत नाही, पण तीही तितकीच महत्त्वाची आहे. स्कॅन संपताना आवाज एकदम तुटू नये हे पाहावे. कारण वीस मिनिटांच्या एकसुरी ठोक्यांनंतर पसरलेली शांतता हाही एक अचानक बदलच असतो, आणि पुढच्या स्कॅनची जुळवाजुळव चालू असते ती नेमकी त्याच वेळी.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा की सुमारे ९० टक्के बाळांमध्ये ठरलेले सगळे स्कॅन पूर्ण झाले. औषध न देता मिळालेला हा आकडा फार चांगला आहे.

६३ मिनिटांचा हिशेब

टी-१ आणि टी-२ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार; ऊतीतला सिग्नल किती वेळात सावरतो किंवा विरतो यावर त्यांतल्या छटा ठरतात. रचनेच्या चित्रांचे काम मुख्यतः टी-२ वर चालते आणि टी-१ दुय्यम ठरते. मोठ्यांच्या मेंदूत उलट असते. नवजाताच्या मेंदूत पाणी सुमारे ८८ टक्के असते, तर मोठ्या माणसाच्या श्वेतद्रव्यात (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या भागात) ७० टक्क्यांच्या आसपास. मायलिन, म्हणजे तंतूंवरचे स्निग्ध वेष्टन, हेही बहुतेक ठिकाणी अजून आलेले नसते. त्यामुळे श्वेतद्रव्याचा टी-१ काळ ३ टेस्लावर अडीच सेकंदांच्या जवळ जातो. मोठ्यांमध्ये तो एका सेकंदाहून कमी असतो. करड्या (कॉर्टेक्समधल्या) आणि श्वेत द्रव्याचा फरकही उलटतो. टी-२ चित्रात बाळाचे श्वेतद्रव्य उजळ आणि कॉर्टेक्स काळपट दिसते. मोठ्यांचे स्कॅन वाचायची सवय असलेल्याला पहिल्यांदा हे चित्र निगेटिव्हसारखे वाटते. पूर्ण दिवसांच्या बाळात मायलिन दिसते ते मेंदूखोडाच्या मागच्या बाजूला, थॅलॅमसच्या काही भागात, अंतर्गत कॅप्सूलच्या मागच्या भुजेत आणि मध्यखाचेच्या आसपास थोडे. बाकी ठिकाणी ते पुढच्या दोन वर्षांत येते.

म्हणून टी-२ चा प्रतिध्वनिकाळ (लहर दिल्यापासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) लांब, १५६ मिलिसेकंद ठेवला आणि पुनरावृत्ती-काळ (तीच लहर पुन्हा देण्याआधीचा वेळ) १२ सेकंद. स्लाइस, म्हणजे मेंदूचे चित्रातले काप, १.६ मिमी जाडीचे, पण एकमेकांवर ०.८ मिमी चढवलेले, आणि कापातला प्रत्येक ठिपका ०.८ मिमीचा. हा संच आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रतलांत घेतला जातो. चढवलेल्या स्लाइसमुळे मेंदूतली प्रत्येक जागा अनेकदा टिपली जाते. एका स्लाइसच्या वेळी बाळ हलले तरी शेजारचा स्लाइस आणि दुसऱ्या प्रतलाचा संच ती जागा भरून काढतो. दोन्ही संच एकत्र करून ०.५ मिमीचे सर्व बाजूंनी समान घन (त्रिमित चित्राचे ठिपके) तयार होतात.

फंक्शनल स्कॅन १५ मिनिटे ३ सेकंदांचा. एकाच रेडिओलहरीने ९ स्लाइस एकदम उत्तेजित करणाऱ्या मल्टिबँड पद्धतीने, २.१५ मिमी घनांत संपूर्ण मेंदू दर ३९२ मिलिसेकंदांनी टिपला जातो, असे २३०० वेळा. वेगाचा हा आग्रह वाजवी आहे का, असा प्रश्न पडू शकतो, कारण नवजाताचा रक्तप्रवाहाचा प्रतिसाद मोठ्यांपेक्षा मंद आणि क्षीण असतो. उत्तर पुन्हा हालचालीत आहे. चित्रे जवळजवळ घेतली की झटका नेमका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळते, आणि बिघडलेला तुकडा लहान राहतो.

उरलेला मोठा हिस्सा डिफ्यूजनचा: १९ मिनिटे २० सेकंदांत ३०० चित्रसंच. बी-मूल्य म्हणजे पाण्याच्या हालचालीला चित्र किती संवेदनशील आहे याचे माप. त्यांतले २० बिनभाराचे (बी-मूल्य शून्य), ६४ बी-मूल्य ४०० चे, ८८ बी-मूल्य १००० चे आणि १२८ बी-मूल्य २६०० चे. बाळाच्या श्वेतद्रव्यात पाणी मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट मोकळेपणाने फिरते, त्यामुळे सिग्नल लवकर मरतो. मोठ्यांसाठी वापरली जाणारी बी-मूल्ये इथे उचलून आणली असती तर सर्वांत मोठ्या बी-मूल्याच्या चित्रांत गोंगाटच शिल्लक राहिला असता.

या ३०० दिशांचा क्रम पाहण्यासारखा आहे. वेगवेगळी बी-मूल्ये आणि चारही फेज-दिशा (चित्र ज्या दिशेने ताणले जाते त्या दिशा; त्यांच्या तुलनेने विकृती दुरुस्त करता येते) सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिसळून पेरल्या आहेत. बाळ अकराव्या मिनिटाला उठले तर त्या क्षणापर्यंतचा संचसुद्धा सर्व दिशांना बऱ्यापैकी समान वाटलेला असतो आणि वापरता येतो. दुसरी सोय म्हणजे स्कॅन थांबवून, बाळाला थोपटून झोपवून, थांबला होता तिथूनच पुढे चालू करता येतो. क्रमाने आधी सगळे ४०० आणि मग सगळे १००० घेतले असते, तर अर्धवट स्कॅन म्हणजे शून्य स्कॅन ठरला असता.

हालचालीने नेमके काय बिघडते

डिफ्यूजनच्या एका संचात ६४ स्लाइस आणि मल्टिबँड ४, म्हणजे दर वेळी चार स्लाइस टिपणारी १६ उत्तेजने, प्रत्येक साधारण पाव सेकंदाचे. या पाव सेकंदात, डिफ्यूजनचे ग्रेडियंट चालू असतानाच बाळाने डोके झटकले तर त्या उत्तेजनातला सिग्नल जवळपास नाहीसा होतो. एकाच वेळी टिपलेले चार स्लाइस एकत्र काळे पडतात, आणि ते एकमेकांपासून २४ मिमी अंतरावर असतात. म्हणून खराब संच उभ्या छेदात पाहिला तर मेंदूवर ठराविक अंतराने काळे पट्टे दिसतात. पट्टे असे समान अंतरावर असले की कारण हालचाल आहे हे ओळखावे. यंत्राचा दोष बहुधा अशा चौकडीत येत नाही.

संपूर्ण चित्रसंच एक घट्ट ठोकळा समजून फिरवणारी नेहमीची दुरुस्ती इथे कामाची नाही, कारण बाळ संच पूर्ण होण्याआधीच, दोन स्लाइसच्या मध्ये हलते. त्यामुळे प्रत्येक उत्तेजनाची जागा स्वतंत्रपणे शोधावी लागते, काळे पडलेले स्लाइस कमी वजनाने मोजावे लागतात, आणि शेजारच्या दिशांवरून तिथला सिग्नल कसा असायला हवा याचा अंदाज बांधून ती जागा भरावी लागते. फंक्शनल स्कॅनमध्ये आणखी एक पेच आहे: डोके वळले की चुंबकीय क्षेत्राची विकृतीही बदलते. सुरुवातीला मोजलेला क्षेत्रनकाशा अर्ध्या तासाने तसाच वापरला तर डोळ्यांच्या वरचा आणि कानांजवळचा भाग हळूच सरकलेला राहतो. चित्र गुळगुळीत दिसते, पण जागा चुकलेली असते, आणि अशी चूक शोधणे सर्वांत कठीण.

हालचाल नसली तरी एक सापळा उरतोच, आणि तो स्वयंचलित विभागणीत, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्रातला कोणता घन कोणत्या ऊतीचा हे ठरवण्यात, सापडतो. टी-२ मध्ये मेंदूभोवतीचा मेरुद्रव खूप उजळ, श्वेतद्रव्य मध्यम उजळ आणि कॉर्टेक्स गडद. कॉर्टेक्स आणि मेरुद्रव यांच्या सीमेवरच्या घनात दोघांचे मिश्रण असते, आणि त्याची सरासरी नेमकी श्वेतद्रव्याच्या छटेची निघते. साधा अल्गोरिदम तिथे श्वेतद्रव्याची पातळ साल रंगवतो. कॉर्टेक्सच्या बाहेर श्वेतद्रव्य शरीरशास्त्रात नसतेच, पण सॉफ्टवेअरला ते कोणी शिकवल्याशिवाय कळत नाही. मोठ्यांच्या मेंदूसाठी लिहिलेली साधने नवजातावर चालवली की कॉर्टेक्सची जाडी कमी निघते ती बऱ्याचदा यामुळे. प्रकल्पाने नवजातांच्या ॲटलासवर (अनेक बाळांच्या स्कॅनवरून बनवलेल्या नमुना-नकाशावर) आधारलेली, ही सीमा मुद्दाम सुधारणारी विभागणी वापरली. तरीही दर स्कॅनला कपाळाच्या आणि शंखभागाच्या टोकाशी कॉर्टेक्सची कड डोळ्यांनी पाहावी. साल राहिलीच तर तिथे राहते.

वय दिवसांत

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एमआरआय अभ्यासात जन्मानंतर लगेच मेंदूचे आकारमान दिवसाला सुमारे १ टक्क्याने वाढते आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी हा वेग ०.४ टक्क्यावर येतो, असे दिसले. पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू ३५० ते ४०० मिलिलिटर धरला तर ही वाढ रोज साडेतीन-चार मिलिलिटर झाली. वयात पाच दिवसांची चूक म्हणजे आकारमानात पाच टक्क्यांची चूक, आणि दोन गटांतला खरा फरक कित्येकदा त्याहून लहान असतो. म्हणून वय ‘जन्मानंतर दहा दिवस’ असे नोंदवून भागत नाही. गर्भातले आठवडे आणि दिवस अधिक जन्मानंतरचे दिवस अशी बेरीज हवी, आणि गर्भातले वय पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून घेतलेले हवे. आईला आठवणारी शेवटच्या पाळीची तारीख या कामाला पुरेशी नाही.

बदलाची दिशा सगळीकडे सारखीही नसते. श्वेतद्रव्यात वयाबरोबर पाण्याची हालचाल अधिकाधिक एका दिशेने होऊ लागते, कारण तंतू दाट होतात. कॉर्टेक्समध्ये उलटे घडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तिथे पृष्ठभागाला काटकोनात दिशा स्पष्ट दिसते, आणि पेशींच्या शाखा पसरत गेल्या की चाळिसाव्या आठवड्यापर्यंत ती पुसट होते. संपूर्ण मेंदूची एकच सरासरी काढणाऱ्याला या दोन प्रवाहांची वजाबाकी मिळते आणि काहीच बदलले नाही असे वाटते.

‘निरोगी’ म्हणजे कोण

पूर्ण दिवसांचे, वजन ठीक, तपासणी ठीक, घरी जायला मोकळे: कागदावर हे बाळ निरोगी. पण ३ टेस्लाचे यंत्र कागदापेक्षा जास्त पाहते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८८ लक्षणरहित नवजातांचे ३ टेस्लावर स्कॅन झाले. योनीमार्गे जन्मलेल्यांपैकी २६ टक्के बाळांच्या कवटीत थोडासा रक्तस्राव दिसला, शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांत एकाही नाही. प्रसूतीत कवटीची हाडे एकमेकांवर सरकतात, त्यातून हा होतो आणि बहुतेक वेळा आपोआप विरतो.

याचे दोन परिणाम स्कॅनच्या आधीच ठरवून ठेवावे लागतात. एक, प्रत्येक स्कॅन रेडिओलॉजिस्टने वाचायचा, आणि काय दिसले तर आईवडिलांना कोण, केव्हा सांगणार हे संमतीपत्रात लिहिलेले असायचे. ‘संशोधनाचा स्कॅन आहे, अहवाल मिळणार नाही’ ही भूमिका निभावत नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी चित्रात रक्त पाहतेच. दुसरा परिणाम विश्लेषणातला. असा पातळ रक्तस्राव असलेल्या सगळ्या बाळांना वगळले तर ‘निरोगी’ गटात शस्त्रक्रियेने जन्मलेल्यांचे प्रमाण फुगते आणि नकाशा तेवढा वाकडा होतो. आमच्या मते मेंदूच्या ऊतीत इजा नसलेली बाळे गटात ठेवावीत आणि निष्कर्ष त्यांच्यासह व त्यांच्याविना दोन्ही पद्धतींनी तपासावेत.

असाच एक कल झोपेमुळेही शिरतो. पूर्ण स्कॅन मिळतात ते शांत झोपणाऱ्या बाळांचे. हालचालीचे प्रमाण वयाशी, वजनाशी आणि कदाचित स्वभावाशीही जोडलेले असू शकते. त्यामुळे प्रत्येक बाळाचा हालचालीचा आकडा विश्लेषणात चल म्हणून घालावाच लागतो. चित्र दुरुस्त झाले म्हणून तो वगळला, तर उरलेसुरले पट्टे ‘जोडण्यांतला फरक’ म्हणून छापून येतात. सक्रिय आणि शांत झोपेतले मेंदूचे काम वेगळे असते, आणि ईईजीशिवाय (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदीशिवाय) पंधरा मिनिटांत कोणती झोप किती होती हे ठामपणे सांगता येत नाही. फंक्शनल निष्कर्ष वाचताना ही मर्यादा धरूनच चालावे. प्रकल्पाने पुढे १८ महिन्यांच्या वयात बेली विकासचाचणीही (बाळाची समज, भाषा आणि हालचाल तपासणारी) घेतली. तिचा उपयोग गटाच्या पातळीवर आहे. एका बाळाचा स्कॅन पाहून त्याचे भाकीत करण्यासाठी ती नाही.

अशी कॉइल आणि ट्रॉली नसलेल्या केंद्राने हाच तासाभराचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलू नये. मोठ्यांच्या कॉइलमध्ये ३० मिनिटांचा कार्यक्रम बेतावा: दोन प्रतलांतले, स्लाइस एकमेकांवर चढवलेले टी-२ सर्वांत आधी, कारण ओळख पटवणे, विभागणी आणि रेडिओलॉजिस्टचे वाचन हे सगळे त्यावर चालते. नंतर बी-मूल्य १००० पर्यंतचे छोटे डिफ्यूजन, दिशा मिसळलेल्या आणि दोन उलट फेज-दिशांचे. बाळ अजून झोपलेले असेल तर टी-१. फंक्शनल स्कॅन तूर्त सोडून द्यावा. आवाज हळूहळू चढवायची सोय यंत्रात नसेल, तर टी-२ च्या आधी एखादा कमी आवाजाचा छोटा स्कॅन दोन मिनिटे चालवून ठेवावा आणि त्याची चित्रे टाकून द्यावीत.